डेंजरफील्डांचं गाव कोणतं?

मंडळी, आज दुपारी जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

माझी नात मीरा नऊ वर्षांची. जावई इंग्लिश, त्यामुळे तिचं आडनाव डेंजरफील्ड. शाळेत मुलं "डेंजर, डेंजर!" ओरडून पळतात. म्हणून गेला आठवडाभर तिचा एकच हट्ट, मला आईचं माहेरचं आडनाव हवं. ते ऐकून माझे व्याही पीटर यांचा चेहरा उतरला.

आज ते आम्हा दोघींना इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या लायब्ररीत घेऊन गेले. तिथे आडनावांची माहिती शोधून देणाऱ्या एक बाई बसतात. त्या म्हणाल्या, "हे बहुधा फ्रेंच असावं. नॉर्मंडीत आंजरव्हील नावाची गावं आहेत. तिथला माणूस तो दांजरव्हील. इंग्लिश लोकांनी त्याचं डेंजरफील्ड केलं असेल. पण तुमच्या घराण्याचा कागद मिळेपर्यंत खात्री नाही."

मी मीराला म्हटलं, "अगं, आपण संगमनेरकर, तसे हे आंजरव्हीलकर!"

तिचे डोळे मोठे झाले. "आजी, म्हणजे ग्रँडॅडचं पण गाव आहे?"

मी पीटरना इंग्रजीत सांगितलं, तर ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

मग मीराने लायब्ररी कार्डाचा फॉर्म भरला. कोणी न सांगता तिने ठसठशीत अक्षरांत लिहिलं, मीरा डेंजरफील्ड. पीटर तिच्या खांद्यावरून वाचत होते.

तुमच्या आडनावात कोणतं गाव आहे? मुलांना कधी सांगितलंय का?