चौकटीवरच्या दोन रेघा
परवा रंगाऱ्याने दाराची चौकट खरवडली आणि जुन्या रंगाखालून पेन्सिलच्या दोन रेघा निघाल्या. माझे वडील मलकापुरात हमाल होते. दिवसभर सरकीची पोती पाठीवर वाहायचे. ओझ्याने मणक्यांमधल्या गाद्या दबतात आणि रात्रीच्या झोपेत पुन्हा भरतात, हे मी कॉलेजात शिकलो, म्हणून गमतीने त्यांची उंची मोजली. सकाळची रेघ वर आली, संध्याकाळची बोटभर खाली. "बाजार मले कापते अन् खाट वाढवते," ते हसले, आणि रोज सकाळी चौकटीला उभे राहू लागले. ऐन हंगामात एकदा कंबर धरून त्यांनी विचारलं, "पाह्य बरं, आज भरलो काय मी? नाहीतर घरीच राह्यतो." डोकं संध्याकाळच्याच रेघेला टेकलं होतं. पण घरी राहिलं की मुकादम टोळीतली जागा दुसऱ्याला देई, आणि मला मोटारसायकल हवी होती. "हाव बाबा, पुरे भरले. जा," मी म्हणालो. दुपारी चौघांनी त्यांना उचलून आणलं. ते पुन्हा कधी उभे राहिले नाहीत. खाटेवरून त्यांना त्या रेघा दिसायच्या, म्हणून मीच तेव्हा चौकट रंगवून टाकली होती. "भाऊ, मिटवू काय?" रंगाऱ्याने विचारलं. "राहू दे," मी म्हणालो.