भिंतीपलीकडचं मशीन

आमचा दादा इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचा. गिऱ्हाइकाच्या हवाली करण्याआधी बॅटरीवर तळहात ठेवून शंभरपर्यंत मोजायचा. "ताप बघतोस का रे तिचा?" मी चिडवायची. हुशार माणूस, पण हट्टी किती, ते आम्हाला विचारा.

त्याच्या दुकानाच्या भिंतीपलीकडे वेल्डिंगचं दुकान होतं. तिथलं मोठं मशीन सुरू झालं की इकडे चार्जिंग बंद पडायचं. दादाने कारण हुडकून काढलं. मशीनच्या जाड केबलभोवती चुंबकीय क्षेत्र तयार व्हायचं, ते बॅटरीतल्या तापमान मोजणाऱ्या बारीक वायरीला चकवायचं. बॅटरी गार असली तरी वायर सांगायची, तापलीय. मग आतलं सर्किट पुरवठा तोडायचं. दिवसातून दहादा हेच. गिऱ्हाइकांच्या बॅटऱ्यांना त्याने काही केलं नाही. स्वतःच्या बॅटरीतलं सर्किट मात्र काढून तारा थेट जोडल्या. "घरचीच तर आहे," म्हणाला. घरच्यांना काय, काहीही चालतं.

त्या दुपारी बाबा दुकानात आरामखुर्चीत झोपले होते, शेजारी तीच बॅटरी चार्जिंगला. दादा सामान आणायला गेला. परतला तेव्हा दारातून काळा धूर येत होता. बाबा गेले.

चार वर्षं झाली. दादाने काम सोडलं, पण रोज दुकानात जातो आणि काळ्या पडलेल्या भिंतीला तळहात लावून मोजत बसतो. भेटेल त्याला सांगतो, "मशीननंच बॅटरी पेटवली." वेल्डर बिचारा कधीच गाशा गुंडाळून गेला. पलीकडे रिकामी खोली आहे. तरी दादा म्हणतो, भिंत अजून थरथरते. मला तिथे पाऊल ठेवायची भीती वाटते, आणि त्याचा रागही येतो. कारण वेल्डर त्या दिवशी मुलीच्या लग्नाला गेला होता. मशीन बंद होतं. हे मला नंतर कळलं, आणि मी आजवर मूग गिळून बसले.

परवा डबा द्यायला गेले. भिंतीवरचा हात न काढता दादाने विचारलं, "त्या दिवशी मशीन चालू होतं ना गं?"

"होतं," मी म्हणाले.

त्याने शंभर पुरे केले. मग हळूच म्हणाला, "नव्हतं गं. त्याच्या दाराला कुलूप मी पाहिलं होतं. मीच बाबांना म्हणालो, आज आवाज नाही, निवांत झोपा."