गावात गिरणी एकच आहे

गिरडच्या पुढच्या एका गावातून आत्ताच परत आलेय. डोकं शांत होत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

मी खेड्यांतल्या बायकांच्या आजारपणावर संशोधन करते. नाव कुठेही येणार नाही असा शब्द देते, तेव्हा कुठे त्या बोलतात.

आज समाजमंदिरातल्या सभेत आमच्या संशोधनाचे प्रमुख असलेल्या सरांनी माझ्या अहवालातला एक भाग माइकवरून वाचला. 'पिठाची गिरणी चालवणाऱ्या सुनीताला टीबी झाला होता.' नाव बदललेलं होतं. पण त्या गावात गिरणी एकच आहे. सगळ्यांच्या माना मागे बसलेल्या गिरणीवाल्या काकूंकडे वळल्या.

गिरणीचा उल्लेख काढा, असं मी सरांना आधीच सांगितलं होतं. ते हो म्हणाले होते.

काकूंनी मला दारात गाठलं. "मॅडम, मी तं तुमालेच सांगतलं होतं. गावाले काऊन सांगतलं?"

गाडीत सर म्हणाले, "नाव तर बदललं होतं ना?"

काकूंचे उपचार कधीच पूर्ण झालेत, त्या ठणठणीत आहेत. तरी तुमच्या गावातल्या गिरणीवालीचं असं माइकवरून कळलं असतं, तर उद्या तुम्ही दळण कुठे टाकलं असतं? खरं सांगा.