बराबर सर

आमच्या बास्केटबॉलच्या सरांचं खरं नाव कॉलेजात कुणी घेत नसे. ते 'बराबर सर'. चहा कसा झालाय? बराबर. बॉल रिंगमध्ये पडला, बराबर. नाही पडला तरी, "फेकला बराबर व्हता, रिंगच नखरे करून राहिली." रागवायला म्हणून तोंड उघडायचे आणि तोंडातून तोच शब्द बाहेर पडायचा.

आम्ही बहुतेकजणी जवळा बाजार, कळमनुरी अशा गावांकडून एसटीने येणाऱ्या. त्यात मी भित्री भागुबाई. सामना अटीतटीचा झाला की रिंगखाली पोचूनही मी बॉल दुसरीकडे देऊन टाकायचे. "काहून भेती? रिंग काय तुही सासू हाय का?" असं सर म्हणायचे. मला हसू यायचं, पण भीती काही जायची नाही.

त्या वर्षी प्राचार्यांनी बजावलं होतं, मोसमाच्या पहिल्याच स्पर्धेत पहिल्या फेरीत हरलात तर मुलींचा संघ बंद आणि कोर्टावर गाड्यांचा स्टँड. सरांनी आमच्यापासून ते लपवलं नाही. त्या दिवशी त्यांनी डबासुद्धा उघडला नाही.

स्पर्धा आमच्याच मैदानावर होती. पहिल्या फेरीच्या सामन्यात शेवटच्या क्षणांत आम्ही एका गुणाने मागे होतो, पण गुणांचा फळा गर्दीआड गेलेला, आम्ही मागे आहोत की पुढे ते मला कळेना. बॉल हातात आला, मी रिंगखाली पोचले आणि सर ओरडले, "बराबर!"

मला वाटलं, गुण बराबर झाले! म्हणजे चुकलं तरी जादा वेळ मिळणार, कशाला घाबरायचं? निवांत बॉल टाकला. पडला. शिट्टी वाजली आणि पोरी माझ्या अंगावर कोसळल्या.

"सर, गुण बराबर होते ना?" मी विचारलं.

"न्हाई वं बाई, हारून राहिलो व्हतो. तू जागेवर बराबर उभी हायस म्हून म्या वरडलो!"

हे ऐकल्यावर मात्र मी तिथेच मटकन बसले. सर डोळे पुसत हसत होते. संघ राहिला, कोर्टही राहिलं.

गेल्या वर्षी सर निवृत्त झाले. मी मुद्दाम सुट्टी काढून निरोप समारंभाला गेले. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. मग सरांनी नव्या सरांना बाजूला घेतलं, तेव्हा मी जवळच उभी होते.

"पोरी चांगल्या हायेत," सर म्हणाले. "फकस्त एक करा. हारून राहिल्या तर त्याह्यला सांगू नका."

मला रडू आवरलं नाही.