पर्लचा अपुरा प्रबंध

तारोडीच्या आर्थरची थोरली लेक पर्ल १९६९ साली पीएचडीला लागली, तेव्हा गावात कुणालाच तिचं काम नीट सांगता येत नव्हतं. पोरगी धुराचं औषध शोधतेय, असं आर्थर सांगायचा. ते फारसं चूक नव्हतं. खताच्या कारखान्यांतून कार्बन डायऑक्साइड नुसता हवेत सुटतो. त्यात हायड्रोजन मिसळून तो तांबं-जस्ताच्या उत्प्रेरकावरून तापवून नेला, तर त्याचं मिथेनॉल होतं. पण त्याला दाब फार लागतो. कमी दाबात ते जमवायचं, हा तिचा विषय.

दीड वर्ष काहीच हाती लागलं नाही. उत्प्रेरकाच्या काळ्या गोळ्या ती बनवायची, भाजायची, फेकून द्यायची. मग एका मार्चमध्ये वायू तपासणाऱ्या यंत्राच्या कागदावर मिथेनॉलचा उंचवटा उमटला आणि रोज उमटत राहिला. तिच्या मार्गदर्शकांनी, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, दिल्लीच्या परिषदेत दोघांच्या नावाने निबंध वाचला. आर्थरने चर्चमध्ये मेणबत्त्या लावल्या.

प्रबंध लिहायला घेतला तेव्हा एक चाचणी राहिली होती. उत्प्रेरक न घालता रिकामी नळी तापवून बघायची. औपचारिकता म्हणून तिने ती केली. उंचवटा तितकाच आला.

आठवडाभर तिने एकेक सांधा खोलला. शेवटी प्रयोगशाळेतले शिपाई दाजी यांच्याशी बोलताना उलगडा झाला. अ‍ॅसिटोन मिळेनासं झाल्यापासून ते भांडी मिथेनॉलने धूत होते, तेही तिच्याच सांगण्यावरून. रबरी नळ्यांत तेच मुरलं होतं. नळ्या बदलल्या आणि उत्प्रेरक घालूनही कागद सपाट आला.

सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "ती रिकामी चाचणी प्रबंधात घालायची काही गरज नाही," ते म्हणाले.

तिने ती घातली. सरांनी सही केली नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि पर्ल गावाजवळच्या भाईंदरमधल्या एका शाळेत विज्ञान शिकवू लागली. आर्थरने एकदाच विचारलं, "आता परत न्हाय जायचं काय गो?" तिने नकारार्थी मान हलवली. त्याने पुन्हा विषय काढला नाही.

पाच वर्षांनी सरांची नवी विद्यार्थिनी मंदा पत्ता शोधत तारोडीला आली. निबंधातला मिथेनॉलचा आकडा तिला काही केल्या मिळत नव्हता. आपलं काय चुकतंय, एवढंच तिला विचारायचं होतं. पर्लने तिला सगळं सांगितलं.

मंदाने अंगणात वाळत घातलेल्या बोंबलांकडे नजर वळवली. "माझी तीन वर्षं गेलीत, मॅडम. मी इथे आलेच नव्हते, असं समजाल?"

 पर्लने मंदाला एसटीपर्यंत सोडलं.

पुढच्या वर्षी मंदाला पदवी मिळाली. तिच्या प्रबंधात तोच आकडा होता, किंचित वाढलेला. विद्यापीठाला कळवायचं पत्र पर्लने दोनदा लिहायला घेतलं. दोन्ही वेळा मंदाच्या नावापाशी येऊन ती थांबली.