कट्यारीचं वऱ्हाड घेऊन बऱ्हाणपूरला

भाच्याचं लग्न ठरलं आणि त्याच्या संस्थानच्या रिसाल्यात नेमकी रजा नामंजूर झाली. मोसमातला हा शेवटचा मुहूर्त. चुकला तर पुढचं वर्ष, आणि तोवर सोयरीक टिकते की नाही कोण जाणे. तेव्हा जुन्या रिवाजाप्रमाणे ठरलं, की नवरदेवाच्या जागी त्याची कट्यार उभी करायची आणि सून घरी आणायची. कट्यार नेणार कोण? रिकामटेकडा मामा, म्हणजे मी! मला तर भटकायला निमित्तच हवं असतं. ताई मात्र निघताना डोळे पुसत होती. लेकाला हळद लावता आली नाही म्हणून तिनं कट्यारीलाच वाटीभर ओली हळद फासली, पातं तसंच म्यानात सारलं आणि माझ्या हाती दिलं.

बऱ्हाणपूरला जायचं तर भुसावळहून सकाळची गाडी धरा. खिडकीशी बसलात तर कपाशीची रानं डोळाभर दिसतात. माझ्या शेजारचे गृहस्थ मांडीवरच्या गाठोड्यातून डोकावणाऱ्या मुठीकडे बघून म्हणाले, "खंजीर वाटतं?"

"अहो, खंजिराचं पातं वाकडं असतं. ही कट्यार. हिची मूठ आडवी, दोन दांड्यांच्या मधोमध. मूठ आवळली की पातं नाकासमोर सरळ."

बऱ्हाणपूर स्टेशनावर हवालदारानं अडवलं. "सुरा कोणाचा?"

"सुरा काय म्हणता? आमचा नवरदेव आहे तो!"

सगळी हकीकत ऐकून त्यानं कट्यारीलाच सलाम ठोकला. गाव स्टेशनापासून चांगलंच लांब आहे, टांग्याचं भाडं आधी ठरवून घ्या. टांगेवाल्यानंही विचारलंच, "साब, ये जंबिया किसका है?" मी नाव दुरुस्त करायचा नाद सोडला.

नवरीचं नाव यमू. तिचे वडील आबा जवळच्या जसोंडी गावचे शेतकरी, पण लग्नाचा मांडव शहरात भावाच्या घरी घातलेला. पाय धुऊन पाटावर टेकतो न टेकतो तोच यमूच्या आईनं विचारलं, "उष्टी हळद कुठं आहे, मामा?"

नवरदेवाच्या अंगची उरलेली हळद आल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही, हे मी सपशेल विसरलो होतो. ताईनं होती नव्हती ती सगळी पात्यावर फासली होती.

आबांनी कपाळाला हात लावला. "आनि हे म्यान काढा पहिले. तोंड झाकेल नवरदेव आम्ही उभा नाही करत."

मी मूठ ओढली. पातं हलेना! हळद आत वाळून घट्ट बसली होती. मग मुठीकडून मी आणि म्यानाकडून आबा, अशी भर मांडवात रस्सीखेच सुरू झाली. म्यानाच्या तोंडाची पितळी मोहनाळ निसटून आबांच्या हातात आली आणि आम्ही दोघं दोन दिशांना आपटलो. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, भटजी मात्र घटिकापात्राकडे बघत होते. रिकाम्या हातानं परतलो तर ताईला काय तोंड दाखवू?

तेवढ्यात आतून यमूचा आवाज आला, "आबा, वढू नका ना! टोकाची टोपी काढा, आनि खालून ठोका."

टोकाची टोपी म्हणजे तहनाळ. ती उपटली, पात्याला लाकडी खुंटीनं खालून दोन ठोके दिले, आणि कट्यार सरकन बाहेर आली. नखशिखांत पिवळी!

"घ्या, उष्टी हळद!" मी ओरडलो.

यमूच्या आईनं ती खरवडून दुधात कालवली आणि लेकीच्या गालाला लावली. कट्यारीच्या टोकाला लिंबू खोचलं, मी ती अंतरपाटामागे धरली आणि लग्न लागलं. मला इतका आनंद झाला की अक्षता टाकायच्याच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी किल्ल्याखालच्या घाटावर तापीत मनसोक्त डुंबलो. माव्याची जिलेबी खाल्ल्याशिवाय परतू नका. दिसायला काळपट, पण एक खाल्ली की जेवणाची आठवण राहत नाही. परतीच्या गाडीत यमूनं बरोबर बांधून आणलेली जिलेबी आम्ही संपवली आणि रावेर येईपर्यंत तिनं माझ्या आपटण्याची नक्कल करून सगळा डबा हसवला.

दाराशी ताईनं सुनेला ओवाळलं. घरात पुन्हा गडबड सुरू झाली, आणि या प्रवासानं आम्हाला काय दिलं हे वेगळं सांगायला नकोच. भाचा आला तो दिवाळीच्या रजेवर. गणवेशातच उंबऱ्यावर उभा राहिला. यमूनं त्याला आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मांडवात हसलेली, गाडीत हसलेली, माहेर सोडतानाही न रडलेली ती पोर त्याच्याकडे बघता बघता हुंदके देऊन रडू लागली.

ताईनं मला डोळ्यांनी खुणावलं, आणि आम्ही सगळे परसात निघून गेलो.