ताकातला हिंग

अन्याय माझ्या धाकट्या बहिणीवर झाला. ती आठवीत होती. चौदा एप्रिल, जयंतीची संध्याकाळ होती, येरवड्यातल्या आमच्या गल्लीत मंडळाची पुरी-भाजीची पंगत बसली होती आणि ती आमच्या दारात वरण-भाताची ताटली घेऊन बसली होती. पोट धरून वाकली, तेव्हा आदल्या दिवशीच राहायला आलेली आत्या सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "खोटं बोलती तू. चोरून खाती, मग दुखतं."

बहीण म्हणाली, "मी काही खाल्लेलं नाही."

आई भाजी वाढायला पुढच्या पानाकडे वळली. वडील पुऱ्या वाढत होते, ते वाढत राहिले. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे आमच्या घराची कुणाला दया येऊ शकते. ती नको आहे.

शहरात आयटी आली तेव्हा आमच्या वाट्याला तिचं स्टिअरिंग आलं. वडील इंजिनियर लोकांची बस हिंजवडीला न्यायचे. कंपनीत पार्टी झाली की उरलेला केक, पिझ्झा, क्रीमची बिस्किटं घरी यायची. आजीच्या पिढीची भाकरी सुटून रोज चपाती आली, ही आमच्याकडे पगारवाढीइतकीच मोठी गोष्ट होती. पाहुणे आले की आई चपात्यांची चळत मुद्दाम मधोमध ठेवायची.

त्या जयंतीच्या आधीच्या थंडीत बहिणीचं वजन उतरत गेलं, हातापायाच्या काड्या झाल्या. बऱ्याच तपासण्यांनंतर डॉक्टरांनी सांगितलं की गव्हातलं ग्लूटेन तिच्या आतड्याला चालत नाही. चपाती, पाव, रवा, मैदा, शेवया, बिस्किट, सगळं जन्मभर बंद. आत्याने विचारलं, म्हणजे एवढं शिकूनसवरून परत भाकरीच का? वडिलांच्या बसमधल्या मॅडम तेव्हा मॉलमधून ज्वारीच्या पिठाची महागडी पाकिटं नेत होत्या. त्यांना कुणी असं विचारलं नसावं.

आईने मात्र कसूर केली नाही. बहिणीचा तवा वेगळा, परात वेगळी. गिरणीत ज्वारी-बाजरीची चक्की वेगळी होती, तिथे दळण होईपर्यंत ती स्वतः उभी राहायची. थंडीत बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी. ऊन तापायला लागलं तशी ज्वारीची आंबील, तांदळाची उकड, आणि दुपारी ताक. गव्हाचा कणसुद्धा बहिणीच्या ताटात जात नव्हता, याबद्दल आईची खात्री होती. मग पोट का दुखतं? पोट दुखलं की आई ताकात चिमूटभर हिंग घालून द्यायची. जास्त दुखलं की जास्त हिंग. यात जगावेगळं काही नाही, तुमच्याही घरात हेच करतात.

जयंतीच्या आदल्या दिवशी डब्यातली बिस्किटं कमी झाली होती. आत्याकडे पुरावा एवढाच. तो डबा उघडणारे घरात आम्ही सगळेच होतो, पण आजारी एकच होती. आमच्या घराची शिकवण अशी, की मोठ्यांनी सांगितलं म्हणून मानायचं नाही, स्वतः तपासून बघायचं. ज्यांनी हे शिकवलं त्यांची भिंतीवर तसबीर होती, तिला रोज हात जोडायचो. त्या संध्याकाळी कुणीही काहीही तपासलं नाही.

त्यानंतर बहिणीने पोट दुखतं म्हणणंच सोडलं. जेवायची, आणि मागच्या मोरीपाशी जाऊन उकिडवी बसून राहायची.

पावसाळ्यात आजी आजारी पडली म्हणून आई माहेरी गेली आणि स्वयंपाक माझ्याकडे आला. मी तेव्हा संघटनेची पत्रकं लिहायचो. भाषणात क्रांती करायचो आणि नाचणीची भाकरी तव्यावर टाकताना तिचे तीन तुकडे करायचो. वरणाला फोडणी म्हणजे तेल, मोहरी आणि करपलेली मिरची. हिंग कधी घालतात ते मला ठाऊकच नव्हतं. असलं जेवण जेवून बहीण सुधारली. एका दुपारी तिने भात परत मागितला. मला वाटलं, माझी कीव करतेय.

आई परतली. तिने मायेने आमटी केली, बहीण पुन्हा मोरीपाशी. या वेळी मात्र तिने तपासायला घेतलं. काही दिवस नुसता मीठ-भात. मग त्यात हळद, मग मोहरी, मग जिरं. एकेक वाढवत गेली आणि हिंगापाशी थांबली. डबी घेऊन आईसमोर उभी राहिली.

"आई, यात गहू आहे."

"हिंगात कशाला गहू असेल गं?"

डबीच्या बुडाशी मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं. बहिणीने वाचून दाखवलं: हिंगात मिसळलेलं गव्हाचं पीठ. आईला इंग्रजी येत नाही. तिने डबी हातात घेतली, उलटी केली, झाकण काढून वास घेतला.

"आणि मी ताकातून देत होते," ती म्हणाली.

दिवाळीला आत्या आली तेव्हा मी तिला सगळं सविस्तर सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बघ, म्हणजे खात होतीच की काहीतरी."

बहीण आता हिंजवडीलाच नोकरी करते. ऑफिसच्या पार्टीत पाण्याची बाटली धरून बसते. कुणाकडेही जेवत नाही. घरी आली तरी आईने वाढलेल्या ताटाकडे आधी बघत राहते, आई ते बघत राहते. आमच्या फोडणीत आता हिंग नसतो. दुखतं का विचारलं की बहीण म्हणते, "नाही." माझा विश्वास बसत नाही. तू खरं बोलत होतीस, असं तिला आजवर वडिलांनी म्हटलेलं नाही, आईनेही नाही.

डब्यांवर मराठीत ठळक छापा, अशी पत्रकं मी वाटत असतोच. ती मागणी कंपन्यांकडे आहे. तुमच्याकडे दुसरी आहे. तुमच्याही घरात कुणीतरी असेल, ज्याला तुम्ही "नाटकं करू नकोस" म्हणालात आणि नंतर कळलं की खरंच दुखत होतं. आज त्याच्यापुढे उभे राहा. तेव्हा जेवढी माणसं ऐकत होती, तेवढ्यांना बोलवा. आणि मोठ्याने म्हणा, तू खरं बोलत होतास.